डोनटला पहिला नंबर

आम्ही दोघांनी मिळून घराबाहेर केलेलं शेवटचं काम म्हणजे एका खोट्या निवडणुकीत टाकलेलं मत. अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत तळाला एक खोली आहे, तिथे म्हाताऱ्यांसाठी फुकट वर्ग चालतात. आमच्या वर्गाचा विषय होता आयर्लंडचं राजकारण आणि राज्यकारभार, तोंडओळख. सातवी शिकलेल्या आणि जन्मभर कराडला पिठाची गिरणी चालवलेल्या माणसाला आयर्लंडच्या राज्यकारभाराशी काय घेणंदेणं? काही नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही. मला सगळ्याच राजकारणाची किळस आहे. बायको जायची म्हणून मी जायचो. खोली गरम असायची आणि कॉफी मिळायची.

बायकोचं तसं नव्हतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. प्रत्येक इलेक्शनला तिची ड्यूटी लागायची. बाकीच्या बायका ड्यूटी रद्द करायला डॉक्टरचे दाखले शोधायच्या, ही आदल्या रात्री पिशवी भरून तयार. कुठल्यातरी डोंगरातल्या शाळेत पेट्या घेऊन जायची, सतरंजीवर झोपायची, दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावायची आणि घरी येऊन जेवताना मतदान किती टक्के झालं ते सांगायची. मी म्हणायचो, कोण निवडून आला ते सांग. ती म्हणायची, ते महत्त्वाचं नाही. मला ते कधी कळलं नाही.

आता आयर्लंड कुठून आलं, तर आमचा मुलगा डब्लिनला असतो. मुलगी इथे, तिच्यामुळे आम्ही इथे. मुलगा कंपनीच्या कामाला म्हणून तिकडे गेला तो तिकडचाच झाला. नागरिकत्व घेतलं. मागच्या निवडणुकीत त्यानं पहिल्यांदा मत दिलं आणि आईला फोन केला, "आई, अगं इथे शिक्का नाही, बटण नाही. सगळ्या उमेदवारांपुढे नंबर टाकायचे. एक, दोन, तीन. मी अकरापर्यंत टाकले." झालं. बाई दोन दिवस तेच बोलत होती. अकरा नंबर टाकतात तर मोजतात कसे? मोजायला किती वेळ लागत असेल? पेट्या कोण सांभाळतं? माझी नातवंडं ज्या देशाची झाली तो देश चालतो कसा, मला कळायला नको? मग तिला लायब्ररीच्या दारावर वर्गाचा कागद चिकटवलेला दिसला.

शिकवणारा एक निवृत्त प्रोफेसर होता. उंच, गुलाबी, पांढऱ्या केसांचा. त्याचा आजा आयर्लंडहून आलेला. हा स्वतः तिथे पाहुणा म्हणूनच गेलेला, पण आयर्लंडचं नाव काढलं की याचे डोळे भरायचे. मला अशा रडण्याचा वीट आहे. देश सोडून ज्यांचे आजे गेले ते इथे बसून रडतात, मार्चमध्ये त्यांच्या सणाला हिरव्या टोप्या घालतात, तिकडे शिकागोला नदीत हिरवा रंग ओततात. चांगल्या वाहत्या पाण्यात रंग! मी एकदा टीव्हीवर बघितलं आणि टीव्ही बंद केला.

तरी मी ऐकायचो. माझं इंग्रजी कामापुरतं, उरलेलं बायको कानात सांगायची. तर तिथे एक राष्ट्रपती असतो. मोठ्या घरात राहतो, सह्या करतो, पाहुण्यांना भेटतो, हातात फारसं काही नाही. कारभार पंतप्रधानाकडे, त्याला ते टीशॉक म्हणतात. दोन सभागृहं. खालचं लोक निवडतात. वरचं कोण कसं निवडतं ते प्रोफेसरनं दोनदा सांगितलं, मला दोन्ही वेळा कळलं नाही. एकदा त्यांनी लोकांनाच विचारलं म्हणे, हे वरचं सभागृह बंद करू का? लोक म्हणाले, राहू दे. आता जे ठेवायचं का टाकायचं हेच लोकांना विचारावं लागतं, ते ठेवायचं कशाला? घटनेतला एक शब्द बदलायचा तरी सगळ्या देशाला मत विचारतात. ते बायकोला फार आवडलं. मी म्हणालो, लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

एका मतदारसंघातून तीन, चार, पाच माणसं निवडून येतात. त्यामुळे एकाच पक्षाचे दोघं उभे राहतात आणि विरोधकाचं राहिलं बाजूला, एकमेकांचेच पाय ओढतात. निवडून आले की गावात ऑफिस उघडून बसतात आणि कुणाचं गटार, कुणाचं पेन्शन, कुणाच्या रस्त्यातला खड्डा ते बघतात. हे मला लगेच कळलं. आमच्या गिरणीत दळण टाकून बाया ज्या नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडायच्या, तोच हा. नुसता गोरा.

आणि दोन जुने पक्ष. इंग्रज गेला त्यानंतर तिथे आपसात लढाई झाली. भावानं भावावर बंदूक धरली. त्या लढाईतून हे दोन पक्ष निघाले. जवळजवळ शंभर वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, याच्या घरची पोरगी त्याच्या घरात देत नव्हते. आता काय? दोघं मांडीला मांडी लावून सरकारात बसतात आणि टीशॉकची खुर्ची वाटून घेतात. आधी हा बसतो, मग तो.

मी बायकोला मोठ्यानं म्हणालो, "म्हणजे आपला अडीच-अडीच वर्षांचा फॉर्म्युला."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. बायकोनं प्रोफेसरला ते इंग्रजीत समजावून सांगितलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं ते फळ्यावर लिहिलं. मग तिला विचारलं, तुमच्याकडे तो चालतो का? ती म्हणाली, "नो, सर. देअर ऑल्सो दे फाइट."

तर ती निवडणूक. नंबर टाकून मतदान कसं होतं ते दाखवायला प्रोफेसरनं चिठ्ठ्या आणल्या होत्या. शेवटच्या वर्गाला खायला काय आणायचं, यावर मत. दोन जागा. उमेदवार ॲपल पाय, ब्राउनी, डोनट आणि त्याच्या आजीचा सोडा ब्रेड. बायकोनं हात वर केला.

"सर, एनीबडी कॅन स्टँड?"

"एनीबडी," तो म्हणाला.

"देन चिवडा."

चिवडा काय ते वर्गाला माहीत होतं. ही दर आठवड्याला डबा भरून न्यायची आणि कॉफीबरोबर फिरवायची. म्हातारे कागदी रुमालात बांधून घरी न्यायचे. मी तिला म्हणालो, "हा प्रचार आहे. ड्यूटीवर असताना प्रचार करतेस?"

"मी आज ड्यूटीवर नाही," ती म्हणाली. "आज मी पार्टी आहे."

मी चिठ्ठी घेतली आणि डोनटला एक नंबर टाकला. साखरेच्या आजारामुळे मला डोनट बंद आहे. घरात बंद, मुलीच्या घरी बंद, दुकानात नुसता बघायलासुद्धा बंद. म्हटलं निदान मत तरी देऊ. बाकीच्या रकान्यांत काही लिहिलं नाही, घडी केली आणि दिली.

मोजणी झाली. ॲपल पाय पहिल्या फेरीतच निवडून आला. डोनटला एकच मत, माझं. म्हणून डोनट पहिला बाद. आता त्या चिठ्ठीवर दोन नंबर कुणाला ते बघायचं आणि मत त्याच्याकडे सरकवायचं. प्रोफेसरनं माझी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली, दोन नंबर नाही, तीन नाही, काही नाही. मग त्यानं ती उचलून टेबलाच्या कोपऱ्यात एकटी ठेवली. पुढे ब्राउनी बाद झाली, तिची मतं वाटली गेली. शेवटी सोडा ब्रेड आणि चिवडा उरले आणि चिवडा एका मतानं पडला. प्रोफेसरच्या डोळ्यांत लगेच पाणी, आजी जिंकली म्हणून.

बायकोनं रिकामा डबा पिशवीत कोंबला आणि निघाली. लायब्ररीपासून आमचा फ्लॅट जवळ, चालतच जायचो. कडेला मळकं बर्फ होतं, तिनं माझ्या कोपराला धरलेलं. रागावलेली असली तरी घसरायला नको म्हणून धरायची. सिग्नलला उभे राहिलो तेव्हा म्हणाली, "पुढे नंबर का नाही टाकलेत?"

"मला डोनटच पाहिजे होता."

"तो मिळणार नाही हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग? डोनट मिळाला नाही तर काय हवं, तेवढंच तर लिहायचं असतं. तुमचं मत आलं असतं तर बरोबरी झाली असती, मग चिठ्ठ्या टाकून ठरवलं असतं."

"एका चिवड्यासाठी किती बोलशील?"

"चिवड्यासाठी नाही बोलत," ती म्हणाली आणि सिग्नल सुटला.

घरी आल्यावर तिनं वरणभात लावला, आम्ही जेवलो. तिनं भांडी घासली, मी पुसली. ती आत जाऊन पडली. मी टीव्ही लावला. चहाच्या वेळेला ती उठली नाही म्हणून हाक मारायला गेलो.

पुढचं काय सांगायचं. मी नाइन वन वनला फोन केला, तिनं मला पाठ करून घेतलेलं वाक्य बोललो, पत्ता सांगितला. ते लवकर आले. मोठाले बूट घालून बेडरूममध्ये शिरले. नंतर डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, कुणाला काही करता आलं नसतं.

तिथून पुढचे दिवस मला ज्याची त्याची शिसारी यायला लागली. आधी ते फ्युनरल होम. नाव होम, आणि आत गालिचा, मऊ सोफे, कोपऱ्यात खोटी फुलं आणि काळ्या सुटातला एक माणूस, इतकं हळू बोलणारा की जशी काय ती झोपलीय आणि उठेल. तिला बघायला आत नेलं तर तिच्या ओठांना रंग लावलेला. गालांनासुद्धा. जिनं जन्मात पावडरीपलीकडे काही लावलं नाही, तिला त्यांनी नाटकातली बाई करून ठेवली. मी खिशातला रुमाल काढला आणि तोंड पुसलं. मुलगी म्हणाली, "बाबा, नका ना." मी पुसतच राहिलो. सुटातला माणूस बघत होता. बघू दे. शेवटी तिथे अग्नी नाही, काही नाही. भिंतीला बटण. मुलानं बटण दाबलं.

मग माणसं. सगळी चांगली माणसं, मला माहीत आहे. पण दार उघडलं की तेच तोंड करून उभी. पुण्याचा एक पोरगा म्हणाला, "काका, काकू खूप पॉझिटिव्ह होत्या." पॉझिटिव्ह म्हणजे काय? ती तापट होती. गणपतीच्या वर्गणीवरून अध्यक्षाला सगळ्यांसमोर झापणारी बाई ती. नागपूरकडच्या एक मावशी येऊन माझ्यापुढे बसल्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत बसल्या. फोनवर हात जोडलेली चित्रं, पणत्यांची चित्रं, दिवसभर टिंगटिंग. आणि डबे. फ्रिज भरला, तरी डबे येतच होते. जिनं दोन माणसांच्या स्वयंपाकात कधी एक पोळी जास्त केली नाही तिच्या फ्रिजमध्ये सात घरची वांगी.

प्रोफेसरसुद्धा आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. हातात आजीच्या पद्धतीचा सोडा ब्रेड. सोफ्यावर बसला आणि रडायला लागला. माझी बायको गेली आणि मी त्याला पाणी दिलं! जाताना म्हणाला, युवर वाइफ वॉज माय बेस्ट स्टुडंट. ते एक बरं बोलला. ब्रेड मात्र दगड होता.

त्यात मुलीनं मला तिच्या घरी नेलं. मुलगा डब्लिनहून आलेला होताच. दोघांचं चांगलं चाललेलं, म्हणजे भांडत नव्हते, आणि तेच मला खटकलं. लहानपणापासून या दोघांचं कधी जमलं नाही. आता दोघं स्वयंपाकघरात उभे राहून हळू आवाजात इंग्रजीत बोलायचे आणि मी आलो की गप्प. तेरावा शनिवारी केला. तेरावा दिवस बुधवारी येत होता, पण बुधवारी कुणाला सुट्टी नाही. गुरुजींनासुद्धा नाही, ते कुठल्या बँकेत कॉम्प्युटरवर काम करतात. मी म्हणालो, मग मेलेल्या माणसानंच शनिवारचा हिशेब करून मरायला पाहिजे. कुणी हसलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, मुलीनं मला जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. मुलगी, जावई, मुलगा. सून फोनच्या पडद्यावर, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. तिकडे तिची झोपायची वेळ झालेली, ती जांभई दाबत होती. मी समजलो. गावात पॅनेलची बैठक असते तेव्हा सगळं आधीच ठरलेलं असतं, नुसतं सांगायला बोलावतात.

मुलगा म्हणाला, "बाबा, आम्ही विचार केलाय. तुम्ही तीन महिने माझ्याकडे, तीन महिने ताईकडे. तिकडे तसंही एका वेळी तीन महिनेच राहता येतं. मग परत इकडे. मग परत तिकडे. असं रोटेट करायचं."

"रोटेट," मी म्हणालो.

"म्हणजे दोघांनाही..."

"मला माहिताय रोटेट म्हणजे काय. आधी हा बसतो, मग तो. मी तुमची खुर्ची आहे का?"

"बाबा, असं का बोलता?"

"तिकडे तरी खुर्चीसाठी भांडून वाटून घेतात. तुम्ही भांडलात कशासाठी? मी तुझ्याकडे कमी दिवस यावं म्हणून का हिच्याकडे कमी दिवस राहावं म्हणून?"

मुलगी एकदम उठली, सिंककडे तोंड करून उभी राहिली. जावई भला माणूस आहे. तो म्हणाला, "बाबा, कराडचाही ऑप्शन आहे. तुमच्या पुतण्याशी बोललोय मी."

"तो काय म्हणाला?"

"विचार करून सांगतो म्हणाला."

"मग तो नाही म्हणाला."

फोनमधून सून म्हणाली, "बाबा, इथे तुमच्यासाठी वरची रूम तयार केलीय. पडदेसुद्धा लावलेत."

पोर मनापासून बोलत होती. पण मला त्या पडद्यांचीसुद्धा किळस आली. बायकोची राख अजून कोनाड्यात आणि तिकडे माझ्यासाठी पडदे लागलेले.

मी विचारलं, "आणि माझं घर?"

मुलानं फोन तांब्याला नीट टेकवला.

"माझा फ्लॅट. लायब्ररीजवळचा. त्याचं काय?"

मुलगी सिंककडे तोंड ठेवूनच म्हणाली, "मी फ्लॅटच्या ऑफिसला कळवलंय. या महिन्यानंतर सोडतोय म्हणून."

"कुणाला विचारून?"

"बाबा, आई नाही आता!" ती वळली. "तुम्ही एकटे राहणार तिथे? तुम्हाला चहापलीकडे काही येत नाही. गोळ्या कुठल्या कधी घ्यायच्या ते आईला पाठ, तुम्हाला नाही. बर्फात गाडी चालवत नाही. रात्री काही झालं तर कोण आहे? मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून तुमच्या फोनची वाट बघत राहू का? आईला काय झालं ते बघितलं ना मी!"

ती म्हणत होती त्यातलं एकही खोटं नव्हतं. गिरणीत मी हजार घरांचं दळण दळलं असेल, पण त्या पिठाची भाकरी कधी थापली नाही. पण तिनं नोटीस दिली होती. मला न विचारता. जिवंत माणसाचं घर, त्याचं तोंड न बघता. मला तिचा राग आला नाही. मला घाण वाटली, अंगावर पाल पडल्यासारखी.

मुलगा मध्ये पडला. "बाबा, मेजॉरिटी बघा ना. आम्हा सगळ्यांनाच वाटतं की..."

"तुझं मत धरायचं नाही."

"का?"

"तुझ्याच देशाचा नियम. देश सोडून गेला त्याला मत नाही, तिथे जो राहतो त्याला गावापुरतं मत, मग तो कुठलाही असो. प्रोफेसरनं सांगितलं. तू त्या फ्लॅटमध्ये राहतोस? ही राहते? हा राहतो? मग तिथला मतदार कोण?"

जावयाला हसू आलं, त्यानं ते खाली बघून गिळलं. मुलाला नाही आलं. तो लाल झाला. "हे काय कंपॅरिझन आहे? दिस इज नॉट अ जोक, बाबा. माझीही आई गेलीय. मी तिला सहा महिने बघितलं नव्हतं, कळतंय का तुम्हाला? आता तुम्हालाही तसंच फोनवर बघत बसू?"

असं तो कधी बोलत नाही. लहान असताना रडायला यायचं तेव्हा गिरणीच्या मागे जाऊन उभा राहायचा. फोनमध्ये सून डोळे पुसत होती.

मग मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. एवढ्या दिवसांत कुणी मला न विचारलेलं तिनं विचारलं. "बाबा, तुम्हाला काय हवंय? खरं सांगा."

"तुझी आई."

मग म्हणाली, "ती मिळणार नाही, बाबा."

"मग माझं घर," मी म्हणालो. "ते नसेल तर तुझं. ते नसेल तर याचं. कराड नको. आणि तीन-तीन महिने मला फिरवायचं नाही. मी पोतं नाही."

जावयानं फोन उचलून सुनेला झोपायला सांगितलं. मी उठलो आणि कोट घातला. मुलाला म्हणालो, मला घरी सोड. त्यानं बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "सोड."

दारापाशी त्यानं विचारलं, "मी थांबू का रात्री?" मी म्हणालो, "थांबशील आणि परवा जाशील. आजच सवय होऊ दे." हे कठोर होतं. तो थोडा वेळ गाडी चालू ठेवून खाली उभा होता, मला खिडकीतून दिसत होतं.

सकाळी उठलो, अंघोळ केली, कोट घातला आणि पार्किंग ओलांडून फ्लॅटच्या ऑफिसात गेलो. कुलूप होतं. रविवार, उशिरा उघडतात. बाहेर थंडीत उभा राहिलो. एक पोरगी आली, हातात कॉफी, किल्ल्यांचा जुडगा. मी तिला म्हणालो, नोटीस, माय डॉटर, नॉट मी. आय स्टे. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, अजून कुणाला दिला नाहीये, नोटीस मागे घेता येईल. मग मान वर न करता विचारलं, किती जण राहणार? मी सांगितलं. तिनं टाइप केलं.

परत आलो तर दारात मुलीची गाडी. ती पायरीवर बसलेली, हातात पिशवी.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"कळलंच मला. तुमचा लेक म्हणाला होता, बाबा सकाळी तिथेच असतील." तिनं पिशवी पुढे केली. "भाजी आणलीय, पोळ्या आहेत."

"नको. फ्रिजमध्ये लोकांची वांगी सडलीत, ती आधी टाकायचीत. मला एवढं सांग, तांदूळ कुठे ठेवायची ती?"

तिलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी सगळी कपाटं उघडली. डाळी सापडल्या, तीन प्रकारचे रवे सापडले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला खलबत्ता सापडला. तांदूळ ओव्हनमध्ये होते. ओव्हन ती कधी वापरत नव्हती, त्यात तिनं डबे लावून ठेवलेले. मुलीनं मला पाणी किती, गॅस किती ते सांगितलं आणि मागे सरून हाताची घडी घालून उभी राहिली. हात लावू नकोस, असं मीच तिला सांगितलं होतं. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. अगदी घाण. आम्ही दोघांनी तो मीठ घालून खाल्ला.